झोपेत गेलेला किनारा

मंगळवारी दुपारी साडेबाराच्या सुमाराला पभाने रत्नागिरीला विमान उतरवलं. चाकं टेकली, दोन उड्या मारल्या, मग सरळ धावून थांबलं. तिने इंजिन बंद केलं, टीव्हीवर लावलेलं फडकं काढलं, त्याची चौघडी घातली आणि मला म्हणाली, "अहो, आमटी गरम करा. मी जरा पाय सोडून बसते."

मी आमटी गरम केली. ती दीड भाकरी जेवली. मीठ नाही म्हणून नेहमीसारखी कुरकुरली. किडनीच्या माणसाला मीठ कमीच, हे तिला माहीत होतं, पण कुरकुरल्याशिवाय जेवण उतरायचं नाही. संध्याकाळी सहाला कोथिंबीर निवडत बसली होती, तेव्हा छातीत कसंतरी होतंय म्हणाली. रिक्षा करून हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरने दारातच बघितलं आणि मान हलवली. संपलं.

प्रभावती तिचं नाव. माहेरी पभा म्हणायचे, मीही तेच म्हणायला लागलो. विमान म्हणतोय ते खरं नव्हे. खऱ्या विमानात ती जन्मात बसली नाही, मीही नाही. जावयाने लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेला खेळ होता. कॉम्प्युटर, एक दांडा, आणि इंजिनाचा जोर कमीजास्त करायला एक लिव्हर. टीव्हीला जोडलं की समोर विमानाची काच दिसते, काचेखाली घड्याळांसारखे काटे, आणि काचेबाहेर खरी पृथ्वी. आकाशातून काढलेल्या फोटोंची म्हणे. गिरीशचा, म्हणजे जावयाचा, सहा महिन्यांत उत्साह संपला. मुलुंडहून येऊन त्याने ते सगळं आमच्या घरी आणून लावलं, का तर सासूबाईंचा वेळ जाईल. मी मनात म्हटलं, झालं, भंगार ठेवायला आमचंच घर सापडलं. मला काय माहीत, ही त्याच्यावर बसून माहेरी निघणार आहे.

विमानं तिला नवीन नव्हती. असल्फ्याला, आम्ही राहतो तिथे, आमच्या डोक्यावरूनच ती उतरायला जातात. पूर्वी डोंगरावरच्या खोलीत पत्रे थरथरायचे. आता बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावरून चाकं दिसतात. त्यातून तिची नोकरी विमानतळाजवळच्या किचनमध्ये, विमानात जाणारे जेवणाचे ट्रे भरायची. सव्वीस वर्षं तिने माणसं आकाशात जेवू घातली. स्वतः बेस्टच्या बसने घरी आली.

त्या किचनची एक गोष्ट ती सांगायची, आणि ती खरी आहे, कारण तिच्याबरोबरच्या बायकांनीही मला सांगितली. तिथे प्रत्येक टेबलावर वजनकाटा. भात इतका, भाजी इतकी, सगळं तोलून. पभा तोलायची नाही. पळी बुडवायची आणि टाकायची. नवीन सुपरवायझर आला, तो म्हणाला, मावशी हे चालणार नाही. त्याने तिचे ट्रे उचलून काट्यावर ठेवले. पाच ट्रे बरोबर आले. सहावा जास्त आला. तो खूश झाला. ही म्हणाली, काटा बदलून आण. आणला. दुसऱ्या काट्यावर सहावाही बरोबर. त्याच्या काट्याखाली भाताचं शीत अडकलं होतं. त्यानंतर तो तिला काही बोलला नाही, पण काटा मात्र रोज पुसून घ्यायचा.

मी नेमका उलटा. सातवी पास, मरोळच्या कारखान्यात अडतीस वर्षं लेथवर. व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवला नाही. घरात फळी ठोकायची असली तरी मी टेप काढणार, पेन्सिलीने खूण करणार. ती लांबून बघून सांगायची, दाराला लागेल. लागायचीच. दोन सूत का होईना, लागायची. मग मी दार तासायचो, आणि ती बाजूला उभी राहून काही बोलायची नाही. ते न बोलणं फार लागायचं.

तीन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी साडेसहाची खुर्ची. डाव्या हातात सुयांसाठी शीर जोडून फुगवलेली, त्या हाताने जड उचलायचं नाही. पाणी मोजून. बाहेरगावी जाणं बंद. गाव तिचं विजयदुर्गच्या खाडीत, आत. तिथे भाऊ एकटा. एकदा तिने डॉक्टरला विचारलं, शनिवारी जाऊन रविवारी येते. डॉक्टर चांगला माणूस, पण म्हणाला, आजी, जाताना बारा तास, येताना बारा तास, वाटेत काही झालं तर? ती म्हणाली बरं. घरी येताना रिक्षात मला एवढंच म्हणाली, "म्हणजे आता नाहीच."

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते भंगार आलं.

गिरीशने तिला जुहूच्या रनवेवरून उडायला शिकवलं. चार माणसांचं छोटं विमान, वर पंख, पुढे एक पंखा. उडायला सोपं, पण हवेत सरळ ठेवता येईना. उंचीचा काटा खाली गेला की ही दांडा ओढायची, काटा वर गेला की ढकलायची. विमान लाटेवरच्या होडीसारखं वरखाली. दांडा धरण्यापेक्षा लिव्हर ओढणं बरं, म्हणून मी डावीकडे स्टुलावर बसायचो आणि लिव्हर सांभाळायचो. तिच्या डाव्या हाताला ते नको होतं. तेच माझं काम. आणि मीही काट्यांकडेच बघायचो. मी तर जन्मभर तेच केलं होतं.

गिरीश म्हणाला, आई, काटे बघून उडू नका, बाहेर बघा. क्षितिज बघा. ती म्हणाली, समोर काटे नाचत असले तर नजर जाणारच. मग उठून आत गेली, किचनचा जुना नॅपकिन आणला, निळ्या काठाचा, आणि कपड्यांचे चिमटे लावून टीव्हीच्या खालच्या भागावर टांगला. सगळे काटे झाकले. उरली ती नुसती काच आणि बाहेरचं जग. मला तर डोळे बांधल्यासारखं झालं. पण विमान सरळ गेलं. दांडा तिने दोन बोटांत धरला होता, आणि विमान पाण्यावरच्या पानासारखं सरळ.

मग तिने आणखी एक केलं. सरळ उडताना समुद्राची रेघ काचेत कुठे येते ते बघून तिथे टीव्हीवर एक टिकली चिकटवली. लाल. उतरताना नजर कुठे ठेवायची, तिथे दुसरी, हिरवी, बारीक. गिरीश बघून हसला नाही. म्हणाला, पायलट लोकही काचेवर पेन्सिलीने खूण करतात म्हणे. ती म्हणाली, त्यांच्याकडे टिकल्या नसतील.

उतरण्याची युक्ती तिने मला शंभर वेळा सांगितली असेल, म्हणून मी लिहू शकतो. जमिनीवरची जी जागा काचेत हलत नाही, तिथे आपण पोचतो. जागा वर सरकायला लागली तर आपण अलीकडेच पडणार. खाली सरकली तर डोक्यावरून पलीकडे जाणार. बाकी सगळं मोठं होत जातं, पसरत जातं, ती एक जागा तेवढी जागच्या जागी. तिकडे बघत राहायचं. आणि नाही जमलं तर लिव्हर पुढे, उठायचं, फेरी मारून परत यायचं. "त्यात लाज कसली? जमिनीवर आपटण्यापेक्षा बरं," म्हणायची. हे ती विमानाचंच बोलत होती, पण घरातही तेच. भाकरी फुटली की गोळा करून परत थापायची. मुलीशी फोनवर वाजलं की पाच मिनिटांनी परत फोन लावायची, "उठले होते, परत आले," म्हणायची. मनीषाला आधी कळायचं नाही, मग सवय झाली.

एकदा खिडकीत उभी होती, ढग खाली आलेले, वारा सुटलेला. वरून एक विमान गेलं. ही म्हणाली, हे काही उतरत नाही, फार वर आहे. मी म्हटलं, तू काय कंट्रोल टॉवर आहेस? पाव तासाने त्याच शेपटीचं विमान परत आमच्या डोक्यावरून गेलं, या वेळी बरंच खाली, उतरायला. मी पेपर तोंडासमोर धरला.

आणखी एक सांगायचं म्हणजे, घरात ती मला अहो-जाहो करायची. लग्न झाल्यापासून. चार माणसांत काय, एकटं असताना काय, अहोच. पण विमान सुरू झालं की मी अरे व्हायचो. "अरे लिव्हर ओढ ना. अरे कुठे बघतोस, बाहेर बघ." पहिल्यांदा मी चमकलो. वाटलं चुकून निघालं. पण रोजच. चाकं टेकली, इंजिन बंद झालं, की परत अहो. मी कधी विचारलं नाही. मला ते आवडायला लागलं होतं. सत्तराव्या वर्षी बायको अरे म्हणते तेव्हा माणूस जरा ताठ बसतो.

"बाहेर बघ" हा तर तिचा मंत्रच झाला. डायलिसिसला एकदा सिस्टर मशीनचे आकडे लिहून घेत होती. सगळे आकडे ठीक. आणि ही घामाघूम, ओठ पांढरे. मी उठायच्या आत हीच म्हणाली, "बाय, काट्याकडे काय बघतेस, बाहेर बघ. मी इथे आहे." सिस्टरने वळून बघितलं आणि धावली. पुढच्या वेळेपासून ती सिस्टर आधी हिचं तोंड बघायची, मग मशीन.

आता किनाऱ्याचं सांगतो.

तीन-चार महिने जुहूच्या वर गोल गोल फिरल्यावर ती एका मंगळवारी म्हणाली, चल, निघू. मी म्हटलं कुठे? म्हणाली, घरी. डाव्या हाताला जमीन ठेवायची, उजव्या हाताला समुद्र. खेळात वाट दाखवणारी रेघ येते, गावांची नावं येतात. तिने गिरीशला सांगून ती सगळी बंद करवली. बोटीवरून बघताना कुठे नावं लिहिलेली दिसायची, म्हणाली.

लहानपणी ती आई-वडिलांबरोबर बोटीने यायची-जायची. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी निघायची बोट. डेकवर कठड्याला चिकटून ती सगळा किनारा बघत जायची, आणि वडील एकेक नाव सांगायचे. ते नाव-गाव सगळं तिच्या डोक्यात होतं, साठ वर्षं. खांदेरी, रेवदंडा, जंजिरा, श्रीवर्धन, हर्णे, दाभोळ, जयगड. मी तिला कधी या क्रमात बोलताना ऐकलं नव्हतं. संसारात दूध, गॅस, फी हाच क्रम.

पण तिचा किनारा बोटीवरून बघितलेला, खालून. त्यामुळे ती विमान समुद्रावर ठेवायची, आणि इतकं खाली की मला लाटा दिसायच्या. वरून बघितलं की तिला काही ओळखू यायचं नाही. जंजिऱ्याला तर ती चिडलीच. खेळात डोंगर उभे दिसतात, पण भिंती दिसत नाहीत. फोटोच तो. जंजिरा पाण्यावर पापडासारखा पसरलेला. "ह्याची काय वाट लावलीय," म्हणाली. आणि त्याच्याभोवती आणखी एक फेरी मारली. मला नंतर कळलं का. विजयदुर्गही तसाच दिसणार. तिच्या घरच्या खाडीची खूण म्हणजे तो किल्ला.

रोज एक तुकडा करायचो. मंगळवार, गुरुवार, शनिवार. जिथे पोचू तिथे उतरवायचंच, मोकळ्या माळावर का होईना. एकदा आमटी करपायला लागली म्हणून मी म्हटलं, थांबव ना इथेच, बटण दाबलं की थांबतं. म्हणाली, माणसं हवेत ठेवून मला जेवायला बसवत नाही. कुठली माणसं? विमानात आम्ही दोघंच. आमटी करपली.

रत्नागिरीला पोचलो, रनवेवर व्यवस्थित उतरलो, आणि त्या दिवशी तिने मला ते सांगितलं. रत्नागिरीच्या पुढे तिला काही माहीत नव्हतं. बोट रत्नागिरीला संध्याकाळी लागायची. तिथे आई भाकरी आणि सुकट द्यायची, आणि खाऊन ही आईच्या मांडीवर झोपायची. जाग यायची ती विजयदुर्गला, अंधारात, कुणीतरी उचलून खालच्या होडीत दिल्यावर. डोळे उघडले की वर किल्ल्याची काळी भिंत. मधलं काहीच नाही. "प्रत्येक वेळी ठरवायचे, आज जागी राहीन. एकदाही राहिले नाही," म्हणाली. "तेवढाच किनारा राहिलाय माझा बघायचा."

मला तेव्हा कळलं की ही नुसती माहेरी जात नव्हती.

मी माझं केलं. मनीषाचा शाळेतला जुना नकाशा काढला, किनाऱ्यावरून दोरा फिरवला, पट्टीवर मोजला, विमानाच्या वेगाने भागला. उत्तर आलं सोळा मिनिटं. तिला सांगितलं. तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

गुरुवारी निघालो. ती डोळे फाडून बघत होती. खाडी आली, दुसरी खाडी आली. मग एक मोठी खाडी आली, रुंद, तोंडावर उंच डोंगर. ती म्हणाली, हीच. मी हातातलं घड्याळ बघितलं. म्हटलं, नऊच मिनिटं झालीत, अजून सात आहेत.

"गाव माझं की तुझ्या दोऱ्याचं?" म्हणाली.

आत वळलो. अर्धा तास त्या खाडीवर फिरलो. तिला हवा होता सडा. गावाच्या डोक्यावर कातळाचा सपाट माळ, तिथे ती गुरं घेऊन जायची. सड्याच्या एका टोकाला तीन आंब्यांची झाडं, दुसऱ्या टोकाकडून खाली घराकडे उतरणारी पायवाट. सडे तिथे खूप दिसले. तीन आंबे कुठेच नव्हते. ती एकेका सड्यावरून जात होती, आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा थोडा थोडा उतरत होता. शेवटी रत्नागिरीला परत आणून उतरवलं. उतरल्यावर अहोही नाही, अरेही नाही. सरळ जाऊन आडवी झाली.

मला बरोबर असल्याचा काही आनंद झाला नाही. व्हर्निअर बरोबर असतो, त्याला काय.

शनिवारी परत बसलो. निघण्याआधी ती दांड्याकडे बघत म्हणाली, "किती मिनिटं म्हणालास?" मी म्हटलं, सोळा. म्हणाली, "मग तू वेळ बघ. मी बाहेर बघते."

ती नऊ मिनिटांची मोठी खाडी गेली. मी बारा म्हटलं, चौदा म्हटलं. समुद्रात घुसलेला एक सुळका, त्यावर पापडासारखा चिकटलेला किल्ला, आणि त्याच्या मागे आत शिरत गेलेली खाडी. ती आत वळली. मी मोजणं बंद केलं. उजव्या काठावर काळाकरडा कातळ दिसला, सपाट, उन्हाळ्यातला फोटो असल्यामुळे गवताचं पातं नाही. टोकाला तीन हिरवे ठिपके.

ती त्या कातळावरून एकदा गेली, वळली, परत गेली. मग मला नाही, कुणालाच नाही, आपल्याशीच म्हणाली, "ह्योच आमचो सडो."

पायवाट दिसली, घराचं छप्पर दिसलं नाही, माडांनी झाकलं होतं. तिने भावाला फोन लावला आणि मालवणीत त्याला विचारायला लागली की तीन आंबे अजून आहेत ना, मधला तोडला नाही ना. तो म्हणाला, आहेत. कशाला विचारतेस? ही म्हणाली, आत्ता वरून गेले, दिसले. भाऊ घाबरला. त्याने नंतर मला फोन करून विचारलं, हिची तब्येत बरी आहे ना?

त्या दिवशी ती सड्यावर उतरली नाही, विमान परत रत्नागिरीला आणून ठेवलं. म्हणाली, पहिल्यांदा जाऊन लगेच अंगणात उडी मारायची नसते. मंगळवारी उतरू.

तो मंगळवार हाच.

सड्यावर उतरणं रनवेसारखं नाही. रेघा नाहीत, दिवे नाहीत, कातळ एका अंगाला उतरता. पहिल्या खेपेला सड्याचं टोक हिरव्या टिकलीखाली खाली खाली सरकत गेलं. उंच होतो. तिने मला लिव्हर पुढे करायला लावला, उठलो. दुसऱ्या खेपेला वेग जास्त. उठलो. तिसऱ्या खेपेला टोक बराच वेळ जागेवर राहिलं, मला वाटलं झालं, आणि शेवटी विमान एका पंखावर कललं. उठलो. तिने डावा हात मांडीवर चोळला. आदल्या दिवसाचं डायलिसिस, शीण होताच.

मी म्हटलं, अजून एकदा बघ. म्हणाली, "नको. सडा कुठे पळत नाही. गुरुवारी." आणि विमान उत्तरेला वळवलं, रत्नागिरीकडे, कारण हवेत ठेवून जेवायचं नाही.

किल्ला मागे गेला आणि ती म्हणाली, "तू धर." मी म्हटलं, मला नाही जमत. आणि खरंच जमत नव्हतं. मी दांडा लेथच्या हँडलसारखा आवळायचो. ती म्हणाली, "धर रे. मी आहे ना." मी स्टूल सरकवून तिला चिकटून बसलो, उजवा हात दांड्यावर, डावा लिव्हरवर. दोन मिनिटांनी माझ्या उजव्या खांद्यावर तिचं डोकं आलं. झोपली होती.

आता दांडा त्याच हातात, आणि खांदा हलवायचा नाही. हलवला तर ती जागी होणार. म्हणून मी नुसतं मनगट हलवलं, तेही कणभर. फडक्यामुळे काटे दिसत नव्हते, घड्याळ बघायला मान वळवता येत नव्हती. मी बाहेर बघितलं. समुद्राची रेघ लाल टिकलीवर बसली आणि तिथेच बसून राहिली. उजवीकडे किनारा मागे जात होता, ती मोठी फसवी खाडी, मग वाळू, मग एक पूल. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न मोजता काहीतरी सरळ चालवलं. जो किनारा बघायचा म्हणून ती निघाली होती, त्याच किनाऱ्यावर ती परत झोपली होती. उठवावं असं एकदा वाटलं. नाही उठवलं. एकदा बघून झाला होता तिचा.

रनवे दिसला तेव्हा मी म्हटलं, पभा, रत्नागिरी आली. तिने डोळे उघडले, समोर बघितलं, टिकली बघितली.

"तू आणलंस?" म्हणाली.

मी म्हटलं, हो.

"हलवलं नाहीस," म्हणाली. आणि दांडा घेऊन उतरवलं. पुढचं वर लिहिलंय.

त्या रात्री सगळं आटोपलं. बुधवारी सकाळी पाचला मला जाग आली. डायलिसिसचा दिवस. मी तिची पिशवी भरली. फाईल, शाल, बिस्किटाचा पुडा. चेन लावताना लक्षात आलं. बाहेरच्या खोलीत तिच्या जागी पिठावर दिवा तेवत होता, बाजूला मनीषा आणि गिरीश चटईवर झोपले होते. मी सेंटरला फोन केला. म्हटलं, प्रभावतीबाई आता येणार नाहीत, साडेसहाची खुर्ची दुसऱ्याला द्या. फोनवर तीच सिस्टर होती. मी फोन ठेवला.

मग आत गेलो. टीव्ही लावला. विमान रत्नागिरीलाच होतं, आम्ही ठेवलं तसं. ते मला बघवेना. सोळा मिनिटांवर घर, आणि ही इथे.

नॅपकिन चिमट्यांनी टांगला. तिच्या खुर्चीत बसलो नाही, माझ्या स्टुलावरच बसलो, खुर्चीला चिकटून. लिव्हर पुढे केला. उडालं. आवाजाने मनीषा उठून दारात आली. म्हणाली, "बाबा, काय करताय? सुतक आहे."

मी म्हटलं, "तुझ्या आईला रत्नागिरीला ठेवलंय. घरी सोडून येतो."

ती आत आली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं, म्हणून मी वाटेत एकेक सांगत गेलो. ही खाडी. ही दुसरी. ही मोठी, इथे तुझी आई फसली होती. हा किल्ला, हा पापड. हे तीन आंबे बघ.

पहिल्या खेपेला उंच झालं. उठलो. दुसऱ्या खेपेला सड्याचं टोक वर सरकायला लागलं, अलीकडेच पडलो असतो. उठलो. मनीषा म्हणाली, "बाबा, राहू दे." मी म्हटलं, त्यात लाज कसली.

तिसऱ्या खेपेला खाडीवरून लांबून आलो. लिव्हर हळू मागे घेतला. दांडा दोन बोटांत धरला. हिरव्या टिकलीखाली सड्याचं टोक आलं. आंबे मोठे होत गेले, कातळ दोन्ही बाजूंना पसरत गेला, पायवाट दिसली. टोक हलत नव्हतं. मीही उजवा खांदा हलवला नाही.